भागीदार वारला, पेढी राहिली: यवतमाळची कापूस-भागीदारी आणि प्राप्तिकर

भागीदारीतला एक भागीदार वारला की पेढी मोडते की चालू राहते, या प्रश्नाची दोन उत्तरे यवतमाळच्या कापूस-बाजारात कित्येक दशके एकाच वेळी प्रचलित होती. बाजाराच्या लेखी पेढी कधी मरतच नसे. तिच्या नावातच बहुधा दोन पिढ्या असत, बापाचे नाव आधी आणि लेकाचे पुढे. पुढे दोघेही गेले तरी पाटी तीच, गादी तीच आणि हुंडीवरची सहीही त्याच नावाची. कायदा मात्र पहिल्यापासून उलट सांगत आला. १८७२च्या करार कायद्यातल्या २५३व्या कलमाने वेगळा करार नसेल तर कोणत्याही भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते असे ठरवले, आणि १९३२च्या भारतीय भागीदारी कायद्याने ४२व्या कलमात तेच तत्त्व कायम ठेवले. प्राप्तिकर या दोन उत्तरांच्या मधोमध उभा राहिला. पेढीच्या नफ्यावर कर कोणी, कोणत्या नावाने आणि किती भरायचा हे सगळे त्या एका प्रश्नावर अवलंबून होते, आणि तो सुटायला जवळजवळ पाऊण शतक लागले.

यवतमाळात हा प्रश्न वारंवार उठण्याचे कारण कापसात होते. पूर्वीच्या वणी जिल्ह्याला १९०५च्या फेररचनेत वाशीम जिल्ह्यातला पुसद तालुका जोडून यवतमाळ जिल्हा तयार झाला. साधारण त्याच सुमारास यवतमाळ-मूर्तिजापूर ही नॅरोगेज रेल्वे सुरू झाली. पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखली गेलेली ही गाडी किलिक निक्सन कंपनीच्या देखरेखीखाली मुख्यतः कापूस वाहण्यासाठी बांधली होती. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा अशा गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. जागा, इंजिन, जिन आणि दाबयंत्र यांना एका घराची पुंजी पुरत नसे. हंगामात रोज रोख मोजून कापूस घ्यावा लागे तो खर्च वेगळाच. म्हणून मारवाडी, गुजराती, कोमटी आणि वऱ्हाडी घराणी एकमेकांत पात्या घालून धंदा करीत. हिस्से आण्यांत मोजले जात: कोणाची रुपयात चार आणे पाती, कोणाची दोन आणे, आणि आणा-दोन पैसे धर्मादायाकडे. कित्येक पेढ्यांत लेखी करारही नसे. वहीच्या पहिल्या पानावर हिस्से लिहिले की भागीदारी ठरली.

या पात्यांमागे बहुतेक वेळा एकत्र कुटुंब असे. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबाचा धंदा कर्त्याच्या मृत्यूने थांबत नाही. पुढचा वडील माणूस कर्ता होतो आणि कुटुंब तसेच चालते. पण तो कर्ता बाहेरच्या लोकांशी भागीदारी करतो तेव्हा भागीदार तो एकटा असतो, त्याचे कुटुंब नव्हे. तो वारला की घरातल्या घरात काहीच तुटत नाही, पेढीत मात्र एक जागा रिकामी होते. त्याच्या थोरल्या मुलाने दुसऱ्या दिवशी गादीवर बसणे रिवाजाप्रमाणे स्वाभाविक होते. कायद्याप्रमाणे मात्र इतर सर्व भागीदारांच्या संमतीशिवाय तो भागीदार होत नव्हता. वारस आणि भागीदार यांतला हा फरक बाजाराच्या गळी उतरवण्याचे काम पुढे मुख्यतः प्राप्तिकर अधिकाऱ्यांनीच केले, आणि तेही कडू पद्धतीने.

१९२२च्या प्राप्तिकर कायद्याने भागीदारीला दोन वाटा दिल्या. नोंदणी न केलेल्या पेढीचा सगळा नफा पेढीच्याच नावाने एकत्र आकारला जाई. नोंदणी केलेल्या पेढीचा नफा भागीदारांत हिश्श्याप्रमाणे वाटून प्रत्येकाच्या उत्पन्नात धरला जाई. कराचे दर उत्पन्नाबरोबर चढत असल्यामुळे फरक मोठा पडे. लाख रुपयांचा नफा एका नावावर धरला तर वरच्या दराने कर लागे. तोच चौघांत पंचवीस-पंचवीस हजार झाला की प्रत्येक वाटा खालच्या दरात बसे. ही नोंदणी भागीदारी कायद्याखालच्या निबंधकाकडची नव्हे. ती प्राप्तिकर अधिकाऱ्याकडे करायची, १९३०मध्ये घातलेल्या २६-अ कलमाखाली, आणि तिच्यासाठी प्रत्येकाचा हिस्सा स्पष्ट लिहिलेले भागीदारीपत्र लागे. वहीच्या पहिल्या पानावर भागणारे काम आता मुद्रांकाच्या कागदावर करावे लागले. वऱ्हाडातली भागीदारीपत्रे अशी सार्वत्रिक झाली ती कराच्या धाकाने, परस्परांच्या अविश्वासाने नव्हे.

भागीदार वारला की हे कागद सर्वांत आधी उघडे पडत. अर्जावर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागत. विसर्जित पेढीच्या बाबतीत मयताच्या कायदेशीर वारसाचीही. वारस बहुधा विधवा असे आणि मुलगा अज्ञान. विधवेच्या अंगठ्यावाचून अर्ज अडे, आणि अज्ञान मुलाला मयताच्या जागी सरळ भागीदार म्हणून लिहिले तर पत्रच रद्दबातल ठरे. भागीदारी कायद्याचे ३०वे कलम अज्ञानाला फक्त नफ्याच्या लाभापुरते आत घेऊ देते. तोट्याचा पूर्ण भार त्याच्यावर टाकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६१मध्ये द्वारकादास खेतान अँड कंपनीच्या प्रकरणात हाच निर्णय दिला: अज्ञानाला पूर्ण भागीदार करणाऱ्या पत्राची प्राप्तिकरासाठी नोंदणी होऊ शकत नाही. ‘बापाची पाती लेकाला’ या सरळ वाक्याने वर्षभराच्या नोंदणीचा फायदा हातचा जाऊ शकत होता.

मयताच्या स्वतःच्या कराची गोष्ट निराळी आणि काहीशी मजेची आहे. मूळ १९२२च्या कायद्यात मेलेल्या माणसावर आकारणी करण्याची सोयच नव्हती. एलिस रीड यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९३०मध्ये हे दाखवून दिले. करदाता आकारणीपूर्वी वारला तर त्याच्या मालमत्तेकडून तो कर घेण्याची यंत्रणा कायद्यात नाही, असे न्यायालय म्हणाले. मुंबईतल्या करतज्ज्ञांना ही चांगली बातमी वाटली असेल, पण ती तीनच वर्षे टिकली. १९३३मध्ये २४-ब कलम आले आणि वारसाला, मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत, मयताचा कर भरणे बंधनकारक झाले. आजच्या कायद्यातही तेच तत्त्व आहे: वारसाची जबाबदारी वारशाच्या मोलापुरती, त्याच्या स्वतःच्या घरादारावर नाही.

पेढीच्या बाबतीत १९३९पूर्वीचा नियम याहून विचित्र होता. आकारणीच्या वेळी पेढी जशी असेल तशीच ती संपूर्ण मागील वर्षभर होती असे २६व्या कलमाने मानायचे. म्हणजे माघात वारलेल्या भागीदाराच्या जागी चैत्रात आलेला मुलगा सबंध वर्षाच्या नफ्याचा धनी ठरे आणि बापाच्या कमाईवरचा कर त्याच्या गळ्यात पडे. १९३९च्या दुरुस्तीने हे बदलले. आकारणी पेढीवर, ती आकारणीच्या वेळी जशी असेल तशी; पण नफ्याची वाटणी मात्र वर्षात ज्याचा खरोखर हक्क होता त्याच्या नावे. त्याच काळच्या २५व्या कलमाच्या ४थ्या पोटकलमात एक सवलत होती. १९१८च्या कायद्याखाली कर भरलेल्या धंद्याची धुरा १९३९नंतर दुसऱ्याकडे गेली, तर मधल्या तुकडा-काळाच्या नफ्यावर कर नाही. भागीदाराच्या मृत्यूने ही सवलत मिळत नसे, कारण ‘केवळ भागीदारीच्या रचनेतला बदल’ कलमाने स्पष्टपणे वगळला होता. एकत्र कुटुंब विभक्त होऊन त्याच धंद्याची भागीदारी झाली तर मात्र मिळे. त्या काळच्या वाटण्यांमागे भावाभावांतल्या भांडणांइतकाच या पोटकलमाचाही हात असावा असे म्हणायला जागा आहे.

तुकडा-काळ म्हणजे काय हे कापसाच्या वर्षावर ठेवून पाहिले की नीट दिसते. त्या वेळी प्रत्येक व्यापारी आपले हिशेबी वर्ष आपण ठरवी. वऱ्हाडात ते बहुधा दिवाळीच्या पाडव्यापासून धरीत. वहीपूजन झाले की नवी लाल कापडी बांधणीची वही उघडे, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. सीतादही ही वेचणीआधीची पूजा होऊन पहिली वेचणी निघे. पौष-माघात जिन रात्रंदिवस चाले आणि उन्हाळा लागता लागता हंगाम सरे. भागीदार पौषात वारला तर वर्षाचा सर्वांत मोठा व्यवहार अर्ध्यावर असे: आवारात कापसाचे ढीग, दाबयंत्राशी बांधलेल्या गाठी, मुंबईला रवाना झालेला पण पावती न आलेला माल, शेतकऱ्यांना दिलेली उचल. मुनीम त्या दिवशी एकच करी. मयताच्या खात्यावरचे ‘श्री’ जाऊन तेथे ‘कै.’ येई. रोकडवही त्याच पानावर पुढे चाले.

प्राप्तिकराला मात्र तो दिवस पानावर रेघ मारण्याचा होता की नव्हता, हाच वाद. समजा चौघांची चार-चार आणे पाती आहे. पाडव्यापासून भागीदाराच्या मृत्यूपर्यंत पेढीला ६०,००० रुपये नफा झाला, आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत भाव पडून २०,००० रुपये तोटा. पेढी तीच राहिली असे धरले तर वर्षाचे उत्पन्न ४०,००० आणि आकारणी एक. जुनी पेढी मृत्यूने संपली आणि उरलेल्यांनी नवी उघडली असे धरले तर पहिल्या पेढीवर ६०,००० आकारले जातात, आणि तोटा दुसऱ्या पेढीच्या पदरी जातो. याउलट दोन्ही तुकड्यांत नफा असेल तर दोन आकारण्या फायद्याच्या: १९५६पासून नोंदणीकृत पेढीवरही टप्प्याटप्प्याचा वेगळा कर बसू लागल्यामुळे एक मोठी रक्कम दोन लहान रकमांत फुटे आणि खालचे टप्पे दोनदा वापरता येत. त्यामुळे कोणत्या वर्षी कोण काय म्हणेल हे नफ्यावर ठरे. एका साली ‘पेढी अखंड आहे’ म्हणणारा व्यापारी दुसऱ्या साली ‘ती मृत्यूनेच संपली’ म्हणे, आणि खाते प्रत्येक वेळी त्याच्या विरुद्ध बाजू घेई.

१९६१च्या कायद्याने ही गुंतागुंत १८७, १८८ आणि १८९ या तीन सलग कलमांत मांडली. १८७ रचनेतल्या बदलासाठी: एखादा भागीदार गेला किंवा नवा आला, पण जुन्यांपैकी एक तरी राहिला, तर पेढी तीच आणि आकारणी एकच. १८८ एका पेढीची जागा दुसरीने घेतली तर: दोन आकारण्या. १८९ पेढी विसर्जित झाली किंवा धंदा बंद झाला तर: जणू काही झालेच नाही अशा रीतीने जुन्या पेढीवर आकारणी, आणि कर सगळ्या भागीदारांकडून व मयताच्या वारसांकडून, संयुक्त आणि स्वतंत्र जबाबदारीने. भागीदाराचा मृत्यू यांपैकी कोणत्या दारातून आत यायचा हे कलमांनी सांगितले नाही. भागीदारी कायद्याप्रमाणे पेढी संपलेली, १८७च्या शब्दांप्रमाणे मात्र उरलेले भागीदार तेच. १९७६मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दही लक्ष्मी दाल फॅक्टरीच्या प्रकरणात विसर्जन मानून दोन आकारण्या सांगितल्या. १९७७मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने नंदलाल सोहनलाल प्रकरणात उलट, १८७च लागू होते असे म्हटले. एकाच कलमाचा अर्थ गंगेकाठी एक आणि सतलजकाठी दुसरा.

संसदेने हा घोळ १९८४च्या करआकारणी कायदे दुरुस्तीने मिटवला. १८७ला परंतुक जोडले गेले: भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित झाली असेल तर हे कलम लागू नाही. परंतुकाला १ एप्रिल १९७५पासून मागील परिणाम दिला. म्हणजे सगळे पुन्हा भागीदारीपत्राकडे आले. ‘भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होणार नाही, उरलेले भागीदार मयताच्या वारसांसह अथवा वारसांवाचून ती चालू ठेवतील’ असे कलम पत्रात असेल तर पेढी तीच आणि आकारणी एक. नसेल तर मृत्यूच्या दिवशी रेघ आणि आकारण्या दोन. पत्र लिहिणाऱ्या वकिलाच्या एका वाक्यावर वर्षाचा कर फिरू लागला. जुन्या पेढ्यांच्या पत्रांत मुदत, व्याज, धर्मादाय, देवघराचा खर्च असे बारीकसारीक सगळे सापडते. हे वाक्य मात्र अनेकदा नसते. स्वतःच्या मृत्यूबद्दल लिहून ठेवणे लोकांना अशुभ वाटे.

दोघांच्याच भागीदारीत हे वाक्यही उपयोगी पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६५मध्ये शेठ गोविंदराम शुगर मिल्सच्या प्रकरणात सांगितले की दोनच भागीदार असतील तर एकाच्या मृत्यूने भागीदारी संपणारच, कारण एकट्या माणसाची भागीदारी होत नाही. मृत्यूनंतर पेढी चालू ठेवण्याचा करार तिघे किंवा अधिक असतील तरच कामाचा. उरलेला एक आणि मयताचे वारस यांना नव्याने करार करावा लागतो, आणि तो करार होईपर्यंतचा धंदा त्या एकट्याचा. तालुक्याच्या गावातल्या अडत दुकानांत दोघा भावांची किंवा मेहुण्या-मेहुण्यांची भागीदारी सर्रास असे. त्यांच्या दृष्टीने हा निकाल जिल्ह्यातल्या मोठ्या कारखान्यांवरच्या दहा निकालांहून महत्त्वाचा.

पेढी संपली म्हणून करातून सुटका होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आधीच, सी. ए. अब्राहम यांच्या १९६१च्या प्रकरणात स्पष्ट केले होते. कोट्टायमच्या दोघांच्या धान्याच्या पेढीतला एक भागीदार ऑक्टोबर १९४९मध्ये वारला आणि धंदा बंद झाला. त्यानंतर जुन्या वर्षांच्या आकारणीत दंड बसला, आणि तो वैध ठरला. मयताच्या वारसाला यात एकच आधार असतो: भागीदारी कायद्याच्या ३५व्या कलमाप्रमाणे मृत्यूनंतर पेढीने केलेल्या व्यवहारांची जबाबदारी मयताच्या मालमत्तेवर येत नाही. आधीच्या व्यवहारांची येते, करासकट.

पेढी मोडली की शिल्लक मालाची किंमत कोणती धरायची, हा प्रश्न कापसासारख्या मालात सर्वांत जास्त पैशांचा. चालू धंद्यात शिल्लक माल लागत किंवा बाजारभाव, यांतला जो कमी असेल त्या किमतीला धरतात. भाव चढला तरी न विकलेल्या मालावरचा नफा कागदावर येत नाही. पण पेढीच संपली तर तो माल पुढे विकणार कोण? म्हणून विसर्जनाच्या दिवशी बाजारभावच धरला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये ए. एल. ए. फर्मच्या प्रकरणात ठरवले. समजा पौषातल्या त्या दिवशी आवारात ५०० गाठी आहेत. गाठीमागे कापूस, जिनिंग आणि प्रेसिंग मिळून लागत ४,००० रुपये, आणि बाजारभाव ४,६००. बाजारभावाने मोजणी केली तर एकही गाठ न विकता ३,००,००० रुपयांचा नफा मृत्यूच्या दिवशी उभा राहतो. त्यावर कर भरायचा, आणि गाठी तशाच ताडपत्रीखाली. पुढे होळीला भाव पडला तर तो तोटा नव्या पेढीचा.

१९९१च्या निकालातली पेढी खरोखरच मोडली होती. भागीदार वारला, पण धंदा एक दिवसही थांबला नाही, अशा पेढीचे काय? शक्ती ट्रेडिंग कंपनीच्या प्रकरणात २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: धंदा अखंड चालू असेल तर नेहमीचीच पद्धत, लागत किंवा बाजारभाव यांतला कमी. बाजाराच्या अनुभवाशी जुळणारा हा निकाल पंधरा वर्षे टिकला. सप्टेंबर २०१६मध्ये अधिसूचित झालेल्या उत्पन्न-गणनेच्या मानकांपैकी दुसऱ्या मानकाने सांगितले की भागीदारी विसर्जित झाली तर, धंदा थांबो वा न थांबो, त्या दिवसाचा माल निव्वळ विक्री-किमतीला धरावा. २०१८च्या वित्त कायद्याने त्याला कायद्याचे पाठबळ दिले. मालाच्या हिशेबात चाक परत १९९१वर आले, आणि पत्रातल्या त्या ‘विसर्जित होणार नाही’ या वाक्याचे मोल आणखी वाढले. ते असेल तर विसर्जनच होत नाही आणि गाठींची किंमत लागतीवर राहते.

मयताच्या हिश्श्याचे काय होते? भागीदारी कायद्याचे ३७वे कलम वारसांना निवड देते. उरलेल्यांनी हिशेब न करता धंदा चालू ठेवला तर मयताच्या भांडवलाच्या प्रमाणातला नफा घ्या, नाहीतर त्या रकमेवर सालाना सहा टक्के व्याज. कापूस तेजीत असला की वारस नफा मागतात, मंदीत सहा टक्के. नावलौकिकाचा वाटा हा दुसरा वादाचा मुद्दा. बाजारात पेढीच्या नावावर उधार मिळते, शेतकरी त्या नावावर विसंबून माल आणतो. ते नाव कोणाचे? सर्वोच्च न्यायालयाने १९७०मध्ये मुंबईच्या एका पेढीच्या प्रकरणात, पत्रात वेगळे नसेल तर नावलौकिक हाही पेढीच्या मालमत्तेत येतो आणि वारसांना त्यातला हिस्सा मिळतो, असे ठरवले. यावर मृत्युकरही लागे. १५ ऑक्टोबर १९५३पासून १६ मार्च १९८५पूर्वी वारलेल्यांच्या मालमत्तेवर हा कर होता, आणि पत्रात वारसांना नावलौकिकाचा वाटा नाकारलेला असला तरी मयताचा तो हिस्सा मृत्यूने इतरांकडे जातो म्हणून कर बसतो, असा निर्णय मृदुला नरेशचंद्र प्रकरणात १९८६मध्ये झाला. तोवर मृत्युकरच रद्द झाला होता.

विधवेला ठरावीक वर्षे पेढीतून रक्कम देण्याचा रिवाज मुंबईच्या सॉलिसिटरांत होता, तसा कापसाच्या पेढ्यांतही. सॉलिसिटरांच्या क्रॉफर्ड बेली अँड कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९७७मध्ये एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. भागीदारीपत्रानेच मयताच्या कुटुंबाला नफ्याचा भाग देणे बंधनकारक केले असेल तर तो भाग पेढीच्या हाती येण्याआधीच दुसऱ्याच्या हक्काचा झालेला असतो. त्यावर पेढीला कर नाही. उरलेल्या भागीदारांनी आपखुशीने, माणुसकीने दिले तर मात्र तो नफ्याचा विनियोग, आणि कर त्यांच्यावर. कर्तव्य म्हणून पत्रात लिहून ठेवले तर सूट, उदारपणे दिले तर कर: नैतिकदृष्ट्या उलटे वाटते, पण कायद्याच्या दृष्टीने सुसंगत.

या सगळ्याचा पाया असलेला कापूस-व्यापारच १९७२मध्ये बदलला. महाराष्ट्र कच्चा कापूस कायदा १९७१मध्ये झाला आणि १९७२-७३च्या हंगामापासून एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याचा कापूस सरकारने नेमलेल्या यंत्रणेनेच घ्यायचा असे ठरले आणि खासगी खरेदीदार बाजूला पडला. जिन कारखाने योजनेसाठी मजुरीवर चालू राहिले. कापसाच्या अडतीच्या पेढ्या मात्र एका हंगामात बिनकामाच्या झाल्या. काही धान्य, किराणा, खत-बियाण्यांकडे वळल्या, काही नुसत्या नावाला उरल्या. अशा पेढीतला जुना भागीदार वारला की वारसांसमोर नफ्याचा प्रश्न नसे, जागेचा असे. गावाबाहेर बांधलेले जिन गाव वाढल्यामुळे वस्तीच्या मध्यात आले होते, आणि वहीत ती जमीन १९२० किंवा ३०च्या भावाने लिहिलेली होती.

जागेच्या वाटणीवर त्या वेळी कर नव्हता. विसर्जनाच्या वेळी भागीदारांत मालमत्ता वाटणे हे हस्तांतरणच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९मध्ये मलबार फिशरीजच्या प्रकरणात ठरवले होते, आणि प्राप्तिकर कायद्याच्या ४७व्या कलमातही तशी सूट होती. १९८७च्या वित्त कायद्याने ती काढून ४५(४) हे पोटकलम घातले: १९८८-८९च्या आकारणी वर्षापासून विसर्जनात ‘किंवा अन्यथा’ भांडवली मालमत्ता वाटली तर त्या दिवसाच्या बाजारभावाने भांडवली नफा, आणि कर पेढीवर. ‘किंवा अन्यथा’ या दोन शब्दांत निवृत्त भागीदाराला दिलेली मालमत्ताही येते, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००४मध्ये ए. एन. नाईक असोसिएट्सच्या प्रकरणात म्हटले. २०२१च्या वित्त कायद्याने नवे ९-ब कलम आणले आणि ४५(४) पुन्हा लिहिले; आता पुनर्रचनेत भागीदाराला भांडवली खात्यापेक्षा जास्त रक्कम मिळाली तर त्या जास्तीच्या भागावरही पेढीलाच कर. कलमात ‘भागीदाराला मिळाले’ असे आहे. मयताच्या जागी वारसाला मिळाले तर तेच लागू होते का, या वादाला शब्दांतच जागा आहे.

१९९२च्या वित्त कायद्याने पेढीचा करच मुळापासून बदलला. १९९३-९४च्या आकारणी वर्षापासून प्राप्तिकराची नोंदणी संपली, पेढी हीच एक स्वतंत्र करदाती झाली, तिच्यावर सपाट दर, आणि भागीदाराच्या हातात नफ्याचा हिस्सा करमुक्त. नफा चौघांत विभागून खालच्या टप्प्यात बसवण्याचे गणित इतिहासजमा झाले, आणि त्याबरोबर अज्ञान मुलाच्या नावाचा हव्यासही. हिशेबी वर्ष तर १९८९-९०च्या आकारणीपासूनच सर्वांना ३१ मार्चला संपवावे लागत होते. दिवाळीची वही पूजेपुरती उरली. मृत्यूचा परिणाम तरीही एका ठिकाणी टोचत राहिला. १९६१च्या कायद्याच्या ७८व्या कलमाप्रमाणे भागीदार गेला की त्याच्या हिश्श्याचा जुना तोटा पेढीला पुढे ओढता येत नाही. चौघांच्या पेढीचा मागचा तोटा १,६०,००० असेल आणि मृत्यूच्या वर्षात मयताच्या वाट्याला नफा नसेल, तर ४०,००० कायमचे गेले. उरलेल्या १,२०,०००चीच वजावट. पेढी अखंड आहे असे पत्रात कितीही लिहिले तरी तोट्यापुरता मयत आपला वाटा घेऊन जातो.

निबंधकाकडची नोंद ही वेगळी बाजू. महाराष्ट्राने १९८४मध्ये भागीदारी कायद्यात दुरुस्ती करून नोंदणी नसलेल्या पेढीच्या भागीदारांचा विसर्जनाचा किंवा हिशेबाचा दावा अडवला, पण मयत भागीदाराच्या वारसांना त्यातून वगळले. पेढी नोंदलेली नसली तरी ते हिशेब मागू शकत. ती अडवणूकच सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये घटनाबाह्य ठरवली. यवतमाळच्या पेढ्यांचे करविषयक वाद पूर्वी नागपूर उच्च न्यायालयात जात. १९५६नंतर ते मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जाऊ लागले.

एकाधिकार खरेदी २००२च्या सुमारास सैल होत गेली आणि खासगी खरेदीदार जिल्ह्यात परतले. आता जिनिंग-प्रेसिंगच्या भागीदारीपत्रात मृत्यूनंतरही पेढी चालू राहण्याचे कलम बहुधा छापील नमुन्यातूनच येते. भागीदार वारला की पुरवणी पत्र होते, वारस आत येतो किंवा हिशेब घेऊन बाहेर राहतो, बँकेत सह्यांचे नमुने बदलतात. पेढीचा पॅन तोच राहतो आणि वर्षाचे विवरणपत्र एकच. मयताच्या नावाचे, मृत्यूच्या दिवसापर्यंतचे, वारस भरतो. त्यात पेढीकडून मिळालेले व्याज आणि मेहनताना येतो, नफ्याचा हिस्सा नाही. दोघांच्या पेढीत मात्र अजूनही दोन विवरणपत्रे: मृत्यूपर्यंतचे पेढीचे, आणि पुढचे उरलेल्या एकट्याचे, त्याच्या स्वतःच्या पॅनवर. २०२५चा नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू असून त्याने कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ आणले. ऑगस्टमध्ये, कापूस शेतात उभा असताना, भागीदार गेला तर हिशेब सोपा असतो. डिसेंबरात गेला तर आधी गाठी मोजाव्या लागतात.